ल्यूका यांची एकोणचाळीस अंकी मूळ संख्या

संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला वर्गात आपण एकच रीत शिकवतो: २, ३, ५, ७ असे भाग घालत वर्गमुळापर्यंत जा. ९७ साठी ती पुरते. पण १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७ ही संख्या घ्या. ही म्हणजे २ चा १२७ वा घात वजा १. तिला विभाजक असलाच, तर तो २५४ च्या एखाद्या पटीहून १ ने मोठाच असणार, एवढे सिद्ध करता येते. तेवढेच विभाजक तपासले आणि सेकंदाला एक भागाकार केला, तरी सुमारे १६० कोटी वर्षे लागतील!

मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकांनी १६४४ मध्येच ही संख्या मूळ म्हणून नोंदवली होती, पण सिद्धता दिली नव्हती. ती १८७६ मध्ये एदुआर ल्यूका यांनी दिली. ल्यूका फ्रान्समध्ये शाळेत गणित शिकवत (‘हनोईचा मनोरा’ हे कोडे त्यांचेच). त्यांनी विभाजक शोधण्याचा नादच सोडला.

त्यांची रीत आपण लहान संख्येवर करून पाहू. २ चा ७ वा घात वजा १, म्हणजे १२७. सुरुवात ३ ने करायची. वर्ग करून २ वजा करायचे, १२७ ने भागून बाकी ठेवायची आणि बाकीवर पुन्हा तेच. ३ वरून ७, मग ४७. पुढे २२०७, बाकी ४८. मग २३०२, बाकी १६. शेवटी २५४, बाकी ०. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे पाचव्या पायरीला शून्य आले, म्हणून १२७ मूळ. घातांक मूळ असून त्याला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरत असेल, तर ही कसोटी चालते. सिद्धता शालेय गणितापलीकडची आहे. पण ३, ७, ४७ हे आकडे १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ या श्रेणीतले आहेत, हे विद्यार्थ्यांना जरूर दाखवावे.

आता घातांक ११ घेऊ, म्हणजे २०४७. तिसऱ्या पायरीला बाकी १६० येते आणि आठव्या पायरीला पुन्हा १६०च. चक्र सुरू झाले. शून्य कधीच येणार नाही. म्हणजे २०४७ मूळ नाही. आणि हे कळायला २३ गुणिले ८९ माहीत असावे लागले नाही!

मेर्सेन यांच्या यादीत ६७ हा घातांकही होता. तिथे यादी चुकली आहे, हे ल्यूका यांनी १८७६ मध्येच सांगितले, पण त्या संख्येचा एकही अवयव त्यांच्या हाती नव्हता. १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हे अवयव अमेरिकेत कोल यांनी मांडले ते १९०३ मध्ये.

१२७ साठी मात्र अशा १२५ पायऱ्या, आणि प्रत्येकीत ३९ अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग. ज्ञात मूळ संख्यांमध्ये ही सर्वांत मोठी, हा मान ७५ वर्षे टिकला. १९५१ मध्ये फेरिए यांनी टेबलावरच्या गणनयंत्राच्या मदतीने ४४ अंकी मूळ संख्या मिळवली. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी ७९ अंकी संख्या गाठली. तीही ल्यूका यांच्याच संख्येचा वर्ग करून, त्याला १८० ने गुणून, १ मिळवून!

लेहमर यांनी १९३० मध्ये कसोटीची सुरुवात ३ ऐवजी ४ ने केली, आणि ती २ वगळता सर्व मूळ घातांकांना लागू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या, म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, याच कसोटीने पक्की करण्यात आली.