बांध आणि बाइंड : अनियमित क्रियापदांची जुनी नाती

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हे गाव ओळखले जाते ते तेथील विस्तीर्ण तलावामुळे. डोंगरांमधली नेमकी जागा हेरून पाळ घालायची आणि पाणी अडवायचे, ही कोहळी समाजाची पिढीजात विद्या. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असे परंपरा सांगते. या गावात, किंबहुना झाडीपट्टीतल्या कोणत्याही गावात, शाळेत गेलेल्या माणसाला एक जुना सूर मात्र हमखास आठवतो : गो–वेंट–गॉन, कम–केम–कम, बाइंड–बाउंड–बाउंड. पाढ्यांच्या चालीवर घोकलेली ही रूपे ऐन परीक्षेत दगा देत. दहावीला इंग्रजीत अडलेल्या कितीतरी जणांनी त्यातून एकच निष्कर्ष काढला, की आपले डोकेच इंग्रजीचे नाही. हा निष्कर्ष किती चुकीचा आहे, हे त्या क्रियापदांचा इतिहास पाहिल्यावर कळते.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एकच असावे, असे प्रतिपादन केले. शब्दांच्या वरवरच्या साम्यावर ते विसंबले नव्हते. क्रियापदांचे धातू आणि व्याकरणाची रूपे यांतले साम्य हा त्यांचा आधार होता. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेतली, तिचेही मूळ तेच असावे, असे त्यांना वाटत होते. पुढे याकोब ग्रिम यांनी आतला स्वर बदलून भूतकाळ करणाऱ्या जर्मानिक क्रियापदांना ‘सबल’ आणि प्रत्यय लावून करणाऱ्यांना ‘दुर्बल’ म्हटले. आपण ज्यांना अनियमित म्हणतो, त्यांतली बरीच क्रियापदे या सबल गटातली आहेत. त्यांचा नियम फार जुना, एवढेच.

आता नवेगावच्या नावाकडे पाहू. ‘बांध’ हा शब्द संस्कृत ‘बन्ध्’ धातूचा, आणि इंग्रजीतले ‘बाइंड’ हे त्याच मूळ धातूचे भावंड. संस्कृतातल्या ‘भ्राता’चा ‘भ’ इंग्रजी ‘ब्रदर’मध्ये ‘ब’ होतो. तशीच ‘भर’ आणि ‘बेअर’ ही जोडी. ‘जाण’ आणि ‘नो’ यांचेही मूळ एकच. बाइंडचे बाउंड होते ते स्वर बदलून, आणि ही स्वर बदलण्याची खोड मराठीतही शिल्लक आहे. तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, मरणे–मारणे पाहा. सिंग–सँग–संग ऐकून बिचकणारे मूल घरी ‘दोरी तुटली’ आणि ‘दोरी तोडली’ हा भेद सहज करते. आपण काही अवघड करतो आहोत, हे त्याच्या गावीही नसते.

‘गो’चे ‘वेंट’ कसे झाले? ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या वेगळ्याच क्रियापदाचे भूतकाळी रूप. ते ‘गो’च्या घरात येऊन राहिले. हसण्यापूर्वी आपण आपलेच घर पाहावे. ‘जातो’ हे रूप संस्कृत ‘या’ धातूचे, तर ‘गेला’ हे ‘गम्’पासून झालेल्या ‘गत’चे. ‘होणे’ हे ‘भू’पासून आले, ‘झाला’ मात्र ‘जन्’च्या ‘जात’पासून. ‘येतो–आला’, ‘करतो–केला’, ‘मरतो–मेला’ हीही मराठीची अनियमित रूपेच. लहान मूल आधी ‘करलं’ म्हणते, म्हणजे नियम लावते. मोठी माणसे हसून ‘केलं’ म्हणतात आणि काही महिन्यांत मूल सुधारते. त्यासाठी त्याला कोणी तक्ता देत नाही.

अशी रूपे टिकतात का, याचे उत्तर २००७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आले. एरेझ लीबरमन, मार्टिन नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा माग काढला. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांपैकी १४५ अनियमित उरली होती, आजच्या इंग्रजीत ९८. क्रियापदाचा वापर शंभरपट कमी असेल, तर ते दहापट वेगाने नियमित होते, असे त्यांना आढळले. ‘हेल्प’चे भूतकाळी रूप एके काळी ‘होल्प’ होते. आज ते ‘हेल्प्ड’ आहे. बी, हॅव, डू, गो, से मात्र हलली नाहीत, कारण ती दिवसभर तोंडात असतात. मराठीतही जाणे, येणे, करणे, होणे, देणे, घेणे हीच क्रियापदे वाकडी राहिली. वापर हाच त्यांचा आधार.

मग शाळेत ती इतकी जड का जातात? कारण ती यादीतून येतात. लिंडले मरे यांच्या १७९५च्या इंग्रजी व्याकरणात अनियमित क्रियापदांचा तीन स्तंभांचा, वर्णानुक्रमाने लावलेला तक्ता आहे. तसले तक्ते पुढे आपल्याकडच्या व्याकरणांतही रुळले. नागपुरात १८४६ साली स्टीफन हिस्लॉप यांनी शाळा काढली आणि पुढे या भागात इंग्रजी शिक्षण हळूहळू पसरले. महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिचा गुण असा, की रूप वाक्यातून हाताशी येई, तेही मराठी वाक्याच्या शेजारी. सन २००० पासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आले. तक्ता मात्र भिंतीवर तसाच राहिला.

वर्णानुक्रम शब्दकोशाला सोयीचा, स्मरणाला नव्हे. त्यात बिगिन एका टोकाला जाते आणि स्विम दुसऱ्या. बिगिन, ड्रिंक, रिंग, सिंग, स्विम एकत्र म्हटली, की कान स्वतःच सूर पकडतो. फाइंड, ग्राइंड, बाइंड यांचेही तसेच. उरलेल्यांपैकी रोजची वीस-पंचवीस आधी वाक्यांत वापरावीत. क्वचित भेटणारी नंतर पाहता येतील. आणि पहिल्याच तासाला ‘जातो–गेला’ फळ्यावर लिहावे.

नवेगावच्या तलावाची पाळ एकदा घालून भागले नाही. दरवर्षी तिच्यावर माती पडत राहिली, म्हणून पाणी थांबले. भाषेतली जुनी रूपेही अशीच टिकली आहेत. ज्या मुलाच्या गावाच्या नावातच ‘बाइंड’चे भावंड आहे, त्याला इंग्रजी परकी आहे असे सांगण्याचा अधिकार त्या तक्त्याला नाही.