नाताळचे सामने आणि त्यांच्या पत्रिका

उत्सव संपला की मंडप उतरतो, समया पुसून आत जातात. कार्यक्रमाची छापील पत्रिका मात्र एखाद्या घरी पोथीच्या पानांत राहून जाते. पुढे कधीतरी त्या वर्षी कीर्तन कोणाचे झाले, नाटक कोणते होते, असा वाद निघाला की निवाडा तीच करते. इंग्लंडमधील फुटबॉलच्या जुन्या सामनापत्रिकांचे मोल आपणांस यावरून सहज उमजेल.

तेथे नाताळ व फुटबॉल यांचे नाते फार जुने आहे. शेफिल्ड व हॅलम या दोन क्लबांमधील आद्य सामना २६ डिसेंबर १८६० रोजी खेळला गेला. कारखान्यांतील कामगारांस वर्षाकाठी सुट्या थोड्या. त्यामुळे नाताळच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे बॉक्सिंग डेला, मैदाने गर्दीने फुलून जात. पुष्कळदा तेच दोन संघ एके दिवशी एकाच्या गावी, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या गावी खेळत.

सामन्याची पत्रिका आरंभी एखाद्या पानाचीच असे. खेळाडूंची नावे त्यांच्या मैदानावरील जागांप्रमाणे मांडलेली असत. पुढे तीत मजकूर आला, गावातील दुकानदारांच्या जाहिराती आल्या. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि ती पुन्हा एका पानावर आली. त्या काळी संघ ऐनवेळी बदलत. १९४० च्या नाताळला टॉमी लॉटन हा नामांकित खेळाडू सकाळी एव्हर्टनकडून व दुपारी ट्रॅनमियरकडून खेळला! अशा वेळी प्रेक्षक छापील नाव खोडून पेन्सिलीने खरे नाव लिहीत. आज संग्राहकांस त्या पेन्सिलीच्या खुणाही बोलक्या वाटतात.

२६ डिसेंबर १९६३ चा दिवस तर अविस्मरणीयच. पहिल्या श्रेणीच्या १० सामन्यांत त्या दिवशी ६६ गोल झाले. फुलहॅमने इप्सविचचा १०–१ असा धुव्वा उडविला. परंतु दोनच दिवसांनी इप्सविचने ४–२ अशी परतफेड केली. पुढे प्रकाशझोतांमुळे सामने रात्री होऊ लागले, सणाच्या दिवशी वाहने मिळेनाशी झाली. ब्लॅकपूल व ब्लॅकबर्न यांचा १९६५ चा सामना हा इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतील नाताळच्या दिवसाचा अखेरचा सामना ठरला. बॉक्सिंग डेची परंपरा मात्र त्यानंतरही टिकली.

परंतु या इतिहासाचे एक पान दीर्घकाळ मिटलेलेच होते. १९१७ च्या नाताळला प्रेस्टन येथे डिक, केर या कारखान्यातील कामगार स्त्रियांचा सामना सुमारे १०,००० लोकांनी पाहिला. त्याचे उत्पन्न जखमी सैनिकांच्या शुश्रूषेस गेले. १९२० च्या नाताळच्या सुट्टीत लिव्हरपूल येथे त्यांच्या खेळास ५३,००० प्रेक्षक लोटले. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, फुटबॉल संघटनेने स्त्रियांच्या सामन्यांस आपल्या क्लबांची मैदाने बंद केली. ती बंदी सुमारे ५० वर्षे टिकली आणि त्या खेळाडू विस्मृतीत गेल्या. प्रेस्टनच्या गेल न्यूशॅम यांनी हयात खेळाडूंचा शोध घेऊन त्यांच्या आठवणी जमविल्या व १९९४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. संस्थेने जे जतन केले नाही, ते घराघरांतून सापडले.

१८८२ च्या चषकाच्या अंतिम सामन्याची पत्रिका २०१३ मध्ये ३५,२५० पौंडांस विकली गेली. उलट २०१८ मध्ये तेथील लीगच्या क्लबांनी पत्रिका काढण्याची सक्ती मतदानाने रद्द केली. एकीकडे जुन्या कागदाला सोन्याचा भाव, तर दुसरीकडे नवा कागद निघण्याचीच शाश्वती नाही!

आपल्या कपाटांतही जुन्या उत्सवपत्रिका असतील. त्या रद्दीत देण्यापूर्वी एकवार पाहाव्यात आणि ज्यांवर साल नाही, त्यांवर घरातील वडीलधाऱ्यांस विचारून ते लिहून ठेवावे. सांगणारे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.