उजेड सहापर्यंत

डिसेंबरातला रविवार. पुण्याच्या पेठेतला एक जुना वाडा, एका दिवसापुरता मिळालेला. विद्यार्थ्यांची आठ मिनिटांची थरारफिल्म. नावं कुठलीही घाला, अशा शूटचा दिवस बहुधा याच वाटेने जातो. सूर्यास्त सहाच्या सुमारास.

आदली रात्र, 11.00. शॉट डिव्हिजन तयार : 30 शॉट. कामाचे दहा तास, म्हणजे शॉटला वीस मिनिटं. भागाकार बरोबर, पण वेळ खातो तो सेटअप. कॅमेरा हलला की लाइट हलतात, मग थर्मोकोल, वायरी आणि फ्रेममध्ये आलेली कुणाची तरी सॅक. यादी कथेच्या क्रमाने लिहिलेली, त्यामुळे कॅमेरा चार वेळा जिना चढणार-उतरणार. खुन्याचा चेहरा तिसावा.

सकाळी 7.00. कॉलटाइम. नायक उगवतो पावणेआठला.

8.30. पहिला शॉट, अंगणातून दारापर्यंत ट्रॉली. फरशी उंचसखल, रुळांखाली पाचरी ठोकणं सुरू.

10.15. अकराव्या टेकला ओके. एडिटमध्ये हा शॉट चार सेकंद टिकला तरी नशीब. ट्रायपॉडवरून दाराचा साधा स्थिर शॉट दहा मिनिटांत झाला असता. आणि माझ्या मते भीतीही जास्त वाटली असती. सरकणारा कॅमेरा ‘आता काहीतरी होणार’ हे आधीच सांगून टाकतो.

12.00. सात शॉट झाले. झटापटीला दिग्दर्शकाला ‘सायको’सारखे तुकडे हवेत : सुरी, हात, डोळा. 1960 च्या त्या सिनेमात न्हाणीघरातले वार पाऊण मिनिटभरच दिसतात. हिचकॉकने त्या प्रसंगाला सात दिवस दिले, तेही स्टुडिओत. इथे दीड तास आहे आणि प्लॅस्टिकची सुरी क्लोजअपमध्ये वाकते.

2.00. जेवण. बारा शॉट. कुठले शॉट नसले तर गोष्टच कळणार नाही, एवढं आत्ता कुणी विचारलं असतं तर सहा निघाले असते. सगळे पुलाव कुणाकडे संपला यावर बोलताहेत.

3.40. पाठलाग. वेळ वाचवायला कॅमेरा जिन्याच्या पलीकडच्या बाजूला. नायक डावीकडून उजवीकडे धावला होता, खुनी आता उजवीकडून डावीकडे. लाइन क्रॉस झाली. जोडून पाहिलं तर दोघं एकमेकांना भेटायला निघाल्यासारखे दिसतील. पण मॉनिटरवर एका वेळी एकच शॉट दिसतो, तेव्हा सगळे खूश.

4.40. खिडकीतला तिरपा उन्हाचा पट्टा गेला. सूर्य मावळायला सव्वा तास आहे, पण पश्चिमेला पाच मजली इमारत उभी आहे. रेकी सकाळी दहाला केली होती.

5.50. मधले नऊ शॉट गाळून थेट तिसावा. आयएसओ 6400. खुन्याच्या चेहऱ्यावर मुंग्या, फोकस कानावर.

7.00. पॅकअप. किल्ली परत. रीशूटचं ठरतं, पुढच्या रविवारी.

सोमवारी सकाळी नायकाने नोकरीच्या मुलाखतीसाठी दाढी काढली.