विद्यार्थीनिर्मित उपग्रह आणि प्रकल्पाचे हस्तांतरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अभियांत्रिकी पदवीच्या अंतिम वर्षातील प्रकल्प हा अभ्यासक्रमाचा बंधनकारक भाग असला, तरी तंत्रशिक्षणाच्या इतिहासात त्याला फारसे स्थान मिळालेले नाही. संस्थेचे स्थापनावर्ष, इमारती व प्राचार्यांची नामावली यांची नोंद होते; विद्यार्थ्यांनी काय घडविले, याची सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात २०१६ साली अवकाशात गेलेल्या महाराष्ट्रातील दोन विद्यार्थीनिर्मित उपग्रहांच्या आधारे या उणिवेचा विचार केला आहे.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा आरंभ १८५४ साली सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम कर्मचारी तयार करण्याच्या हेतूने झाला. वरून आलेल्या आराखड्याबरहुकूम काम करणे, हेच या शिक्षणाचे प्रयोजन होते. त्याच संस्थेच्या विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास हाती घेतलेल्या उपग्रहाचे नाव ‘स्वयम्’ असावे, हा योगायोग असला तरी लक्षणीय आहे. सुमारे एक किलो वजनाचा हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ या यानातून प्रक्षेपित झाला. हौशी रेडिओचालकांचे संदेश साठवून पुढे पाठविणे, हे त्याचे कार्य.

त्याच्या रचनेतील एक निर्णय विशेष अभ्यसनीय आहे. उपग्रहाची दिशा स्थिर ठेवण्यासाठी वीज खर्च करणारी यंत्रणा न वापरता विद्यार्थ्यांनी कायमचुंबकाचा अवलंब केला. होकायंत्राच्या सुईप्रमाणे उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेतो, आणि विशिष्ट चुंबकीय धातूच्या कांड्या त्याचे अनावश्यक डोलणे हळूहळू शमवितात. दिशेतील अचूकता काहीशी गमवावी लागते; पण एवढ्या लहान ठोकळ्यावर मावणाऱ्या सौरपट्ट्यांकडून मिळणारी तुटपुंजी वीज संदेशवहनासाठी शिल्लक राहते. काय सोडावे, हे ठरविण्यातच येथे अभिकल्पाचे कौशल्य दिसते.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘प्रथम’ची कल्पना २००७ सालची. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या मोजण्यासाठी तयार केलेला हा सुमारे दहा किलोचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ मधून गेला. तत्पूर्वी अण्णा विद्यापीठाचा ‘अनुसॅट’ (२००९), बेंगळुरू व हैदराबाद येथील महाविद्यालयांचा ‘स्टडसॅट’ (२०१०) आणि कानपूरचा ‘जुगनू’ (२०११) कक्षेत पोहोचले होते. त्यामुळे ‘प्रथम’ हे नाव क्रमवाचक राहिले नाही, एवढेच.

पदवीचा कालावधी चार वर्षांचा, तर या दोन्ही प्रकल्पांना लागली आठ-नऊ वर्षे. प्रक्षेपणाच्या वेळी पदवीच्या वर्गात असलेले विद्यार्थी ‘प्रथम’च्या आरंभकाळी शाळेत शिकत होते. अशा स्थितीत आधीच्या तुकडीने एखादी तार कोठून का नेली, याचे कारण लिहिलेले नसेल तर पुढील तुकडीला तो निर्णय पुन्हा घ्यावा लागतो. सर्वसाधारण प्रकल्प-अहवाल परीक्षकाच्या स्वाक्षरीसाठी लिहिला जातो आणि (विभागाच्या कपाटात असे शेकडो अहवाल प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत) त्यानंतर तो उघडला जात नाही. उपग्रहाची कागदपत्रे मात्र कधीही न भेटलेल्या विद्यार्थ्यासाठी लिहावी लागतात. कंपनचाचणी आणि निर्वात-तापमान चाचणी यांत आढळलेला दोष, त्यानंतर बदललेला जोड, टाकून दिलेला पर्याय हे सारे त्यात यावे लागते. इतिहासाच्या अभ्यासकासाठी प्रक्षेपणाच्या छायाचित्रांपेक्षा हीच अस्सल साधने होत.