वेठ, सावड आणि श्रमदान : डहाणू-तलासरीच्या ग्रामजीवनातील सहकार्याचा विचार

ग्रामजीवनातील सहकार्याविषयी लिहिताना खेडे म्हणजे परस्पर जिव्हाळ्याने बांधलेले एक कुटुंब, असे चित्र रेखाटण्याचा प्रघात आहे. हे चित्र सर्वस्वी खोटे नाही. परंतु त्यात एक महत्त्वाचा भेद पुसला जातो. मोबदल्यावाचून केलेले प्रत्येक काम स्वेच्छेने केलेले नसते. गावासाठी राबणारे हात आणि गावातील धन्यासाठी राबवून घेतलेले हात दुरून सारखेच दिसतात. भाषेने मात्र हा भेद जपून ठेवला आहे. मराठीत यासाठी तीन निरनिराळे शब्द आहेत : वेठ, सावड आणि श्रमदान. या तीन शब्दांच्या आधाराने आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांचा अलीकडचा इतिहास पाहिला असता सहकार्याची खरी कसोटी कोणती, हे स्पष्ट होऊ लागते.

१

तिन्ही शब्दांत ‘वेठ’ हा सर्वांत जुना. संस्कृत ‘विष्टि’ या शब्दापासून तो प्राकृताच्या द्वारे मराठीत आला. विष्टि म्हणजे राज्याने प्रजेकडून सक्तीने करून घेतलेले काम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिचा निर्देश राज्याच्या साधनांपैकी एक म्हणून येतो. इ. स. १५० च्या सुमाराच्या जुनागढ येथील शिलालेखात, सुदर्शन तलावाचा बांध दुरुस्त करताना आपण प्रजेला कर, विष्टि व प्रणय यांनी पीडा दिली नाही, असे महाक्षत्रप रुद्रदामा अभिमानाने नमूद करतो. न घेतलेली वेठ शिलेवर कोरून ठेवण्याजोगी वाटावी, यातच तिच्या सार्वत्रिकतेचा पुरावा आहे. विदर्भात सापडलेल्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात दान दिलेल्या गावाला सर्व प्रकारच्या विष्टीतून सूट दिलेली आढळते. पुढे फारसीतील ‘बेगार’ हा शब्द येऊन मिळाला आणि ‘वेठबिगार’ हा जोडशब्द रूढ झाला.

या शब्दाचा वाक्यातील वापरही बोलका आहे. ‘वेठीस धरणे’, ‘वेठीला लावणे’ या प्रयोगांत राबणारा माणूस नेहमी कर्मस्थानी असतो. कर्ता दुसराच कोणी असतो. उलट ‘सावड करणे’ या प्रयोगाचा कर्ता बहुधा अनेकवचनी असतो आणि राबणारे व कर्ते एकच असतात. आज माझ्या शेतावर चार घरे आली, उद्या त्या चार घरांच्या शेतांवर माझे घर जाईल, हा सावडीचा नियम. तिचा हिशेब लेखी नसतो, पण तो काटेकोर असतो. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर-आंबेगाव भागातील ‘पडकई’ आणि देशावरील ‘इर्जिक’ ही याच वृत्तीची भावंडे होत. त्यांत तपशिलाचा फरक आहे. इर्जिकीत एका शेतकऱ्याच्या कामाला अनेकजण जमतात आणि तो त्यांना जेवण घालतो. सावडीत श्रमाची फेड श्रमानेच होते. भाताची आवणी चार दिवसांत उरकावयाची असते आणि एका घरचे हात तीस पुरे पडत नाहीत. पावसाळ्याची ही निकड सावडीच्या मुळाशी आहे. म्हणून सावड हा केवळ सद्गुण नव्हे, ती भातशेतीची गरज आहे.

२

डहाणू आणि त्या वेळचा उंबरगाव हे तालुके विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेठीसाठी कुप्रसिद्ध होते. वारल्यांची जमीन सावकार व जमीनदार यांच्या हाती गेली होती. ज्या शेतात ते पूर्वी स्वतःसाठी राबत त्याच शेतात ते कुळे झाले. खंडाखेरीज मालकाच्या खाजगी शेतावर, बागेत व घरी फुकट राबणे हे कुळाचे कर्तव्य मानले जाई. याहून कठीण अवस्था ‘लग्नगड्या’ची. लग्नासाठी घेतलेल्या कर्जाच्या पोटी तो स्वतः आणि त्याची बायको मालकाकडे राबत आणि कर्ज मात्र फिटत नसे. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात या परिस्थितीचे सरकारी दप्तरातील चित्र सापडते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की वेठ ही सावडीच्या मुळावरच येते. आवणीचे मोक्याचे दिवस मालकाच्या शेतावर गेले म्हणजे शेजाऱ्याला देण्यासाठी हात उरत नाहीत.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. तीस या भागातील वारलीही गेले होते. त्यानंतर २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची मोठी सभा झाली. गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे जे निर्णय झाले ते थोडक्यात असे : रोजी बारा आणे रोख मिळाल्याखेरीज मालकाच्या खाजगी जमिनीवर काम करावयाचे नाही, फुकट काम करावयाचे नाही, मालकाने मारहाण केल्यास प्रतिकार करावयाचा, आणि सर्वांनी एकजूट राखावयाची. त्यानंतर थोड्याच काळात वेठ मोडली आणि लग्नगडी मोकळे झाले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मिळावेत, यासाठी संप झाला. १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकरांनी ही हकीकत पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात सांगितली. त्यास १९७२ चे साहित्य अकादमी पारितोषिक लाभले.

या लढ्याचे श्रेय बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांना देण्याकडे कल असतो. त्यांचे ऋण मोठे आहे यात शंका नाही. तथापि विखुरलेल्या पाड्यांवरील, बहुतांशी निरक्षर लोकांनी एकाच वेळी काम थांबवावे आणि उपाशी राहूनही ते थांबवून धरावे, यासाठी केवळ भाषणे पुरेशी नसतात. शब्द दिला म्हणजे पाळावयाचा, ही शिस्त अगोदरच अंगी असावी लागते. ती सावडीत आणि पाड्याच्या पंचायतीत घडलेली होती, असे अनुमान करणे वावगे होणार नाही. संप म्हणजे एका अर्थाने उलटी सावड : मिळून राबण्याऐवजी मिळून न राबणे.

३

त्याच १९४५ साली याच परिसरात सेवेचा एक निराळा प्रवाह सुरू झाला. ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नाही तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, गुरे राखणाऱ्या मुलामागे कुरणात जावे, हा त्यांचा विचार. बाळासाहेब खेर यांनी १९४० साली स्थापन केलेले आदिवासी सेवा मंडळही ठाणे जिल्ह्यात काम करीत होते. या दोन प्रवाहांचे मार्ग भिन्न होते. एकाने अन्यायी श्रम नाकारण्यास शिकविले, दुसऱ्याने शिक्षण दारी नेले. कोसबाडच्या प्रयोगात वरून दिलेल्या दानाचा भाव कमी राहिला, याचे कारण त्याने पाड्याची दिनचर्या प्रमाण मानली.

स्वातंत्र्यानंतर ‘श्रमदान’ हा शब्द गावोगाव पोचला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेचा ५५ प्रकल्पांनिशी देशात प्रारंभ झाला आणि रस्ते, विहिरी, शाळा यांसाठी लोकांनी श्रम द्यावेत, असे आवाहन करण्यात आले. अनेक ठिकाणी त्यास उत्साहाने प्रतिसाद मिळाला. परंतु लोकांच्या पुढाकाराला जाग आणण्यात ही योजना अपुरी पडली, असा निष्कर्ष बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्येच काढला. शब्दाकडे पाहिल्यास कारणाचा माग लागतो. सावडीत घेणारा पुढे देणारा होतो. दानात तसा परतावा नाही. रस्ता कोठे जावा हे कचेरीने ठरवावे आणि माती गावाने वाहावी, असे झाले की श्रमदानाचा चेहरा वेठीसारखा दिसू लागतो. ज्या प्रदेशात वेठ मोडून दहा वर्षेही लोटली नव्हती, तेथे हे साम्य लोकांच्या नजरेतून सुटणे कठीण होते. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने बेगार निषिद्ध ठरविली आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगार पद्धती रद्द केली. पण वेठीची स्मृती कायद्याने पुसली जात नाही.

४

हाच प्रश्न समुद्रकाठच्या वाढवण गावाच्या संदर्भात नव्या रूपाने पुढे आला. नव्वदीच्या दशकात तेथे मोठ्या बंदराची योजना आखली गेली. मच्छीमार, बागायतदार आणि घरोघरी डायमेकिंगचा धंदा करणारे कारागीर यांनी मिळून तिला विरोध केला. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली ती अमान्य केली. योजना पुढे पुन्हा उभी राहिली. प्राधिकरणाने २०२३ मध्ये तिला अनुमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पायाभरणी झाली. बंदरामुळे रोजगार व व्यापार वाढेल, ही शासनाची भूमिका. किनारा व मासेमारीची क्षेत्रे जातील, ही विरोधकांची. दोहोंचे मोजमाप करणे हा येथील विषय नाही. येथे नोंदविण्याजोगे एवढेच, की पाव शतकाहून अधिक काळ टिकलेल्या या विरोधाला मनुष्यबळ पुरविले ते गावकऱ्यांनीच, आपापला धंदा सांभाळून.

झरी आणि वाढवण, डोंगराकडचे गाव आणि खाऱ्या वाऱ्यावरचे गाव, यांचे प्रश्न सारखे नाहीत. परंतु दोहोंवरून एक गोष्ट दिसते. गावाची सामूहिक वृत्ती त्याने किती घमेली माती वाहिली यावरून मोजता येत नाही. ते काम करावयाचे की नाही, हे ठरविताना गावाचा शब्द विचारला गेला होता काय, यावरून ती मोजावी लागते. नकार देण्याची मोकळीक जेथे आहे तेथेच होकाराला सावड म्हणता येते. जेथे ती नाही, तेथे कामाला नाव कोणतेही दिले तरी जुना ‘विष्टि’ हाच शब्द त्याला लागू पडतो.