राणीबागेतली झाडं आणि आमचा लिंब

आमच्या कुंभार पिंपळगावहून मुंबई म्हणजे परतूरला रेल्वे धरायची, रात्र बसून काढायची आणि सकाळी उतरायचं. गेल्या हिवाळ्यात मुलाकडे बोरिवलीला पंधरा दिवस राहणं झालं. नात म्हणाली, "आबा, मॉल दाखवू की जंगल?" म्हटलं, जंगलच दाखव. मराठवाड्यातल्या माणसाला हिरवं दिसलं की पोट भरतं!

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठं आहे. भोवती मुंबई आणि ठाणे. एवढी सोन्याच्या भावाची जमीन मोकळी राहिली कशी? याचं उत्तर बरंचसं पाण्यात आहे. 1860 साली विहार तलाव पुरा झाला, 1879 मध्ये तुळशी. शहराला प्यायला पाणी हवं, म्हणून तलावांभोवतालचं रान राखावं लागलं. तहानेनं जंगल वाचवलं म्हणायचं! टँकरची वाट पाहण्यात उन्हाळे काढलेल्या आमच्यासारख्यांना हे आधीच कळायला हवं होतं.

आत कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून अधिक. बहुतेक लेण्यांपाशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तिथल्या एका शिलालेखात पैठणचा उल्लेख आहे. आपल्या गोदाकाठचं नाव समुद्राजवळच्या डोंगरात कोरलेलं आहे, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पुढच्या रविवारी भायखळ्याची राणीबाग पाहिली. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा, म्हणजे आमच्या जालन्याच्या शेजारचंच. त्यामुळे आपल्याच लेकीच्या अंगणात गेल्यासारखं झालं. मुळात ही बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीला गेली आणि 1862 मध्ये भायखळ्याची बाग लोकांना खुली झाली. 1873 पासून ती नगरपालिकेकडे आहे. लोक पिंजरे आणि पेंग्विन पाहायला येतात, पण खरं धन झाडांत आहे. गोरखचिंच, कैलासपती, ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी... तीन हजारांहून अधिक झाडं!

2007 च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाची मोठी योजना आली, तेव्हा काही महिलांनी झाडांसाठी आवाज उठवला. झाडांच्या नोंदी केल्या, बागेला दीडशे वर्षं झाली तेव्हा पुस्तक काढलं. मूळ आराखडा बदलावा लागला.

हे वाचलं आणि मी बाकावर गप्प बसलो. नातीनं विचारलं, "पाय दुखतात का?" पाय दुखत नव्हते.

मी नोकरीत असताना आमच्या शाळेच्या पटांगणात जुना लिंब होता. उन्हाळ्यात दोन वर्ग त्याच्याच सावलीत भरायचे. 1988 साली दोन खोल्या मंजूर झाल्या आणि लिंब आड येतो असं ठरलं. ठरावाचा कागद फिरत माझ्यापुढे आला. खोल्या दहा हात सरकवता आल्या असत्या, हे मला दिसत होतं. पण वाईटपणा कोण घेणार? मी सही केली. दोन दिवसांत झाड आडवं झालं. मुलांनी विचारलं, "गुरुजी, आता कुठं बसायचं?" मी म्हणालो, नव्या खोलीत. त्या पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे कसे गेले, ते त्या मुलांनाच ठाऊक.

त्या लिंबाचं वय किती, तो कुणी लावला, कुठेच नोंद नव्हती. नोंद असती तर सही करताना हात थोडा तरी अडखळला असता, असं आता वाटतं. की तीही पळवाटच?

असो. गावी परतल्यावर शंभर पानी वही आणली आहे. गावातली जुनी झाडं, घेर दोरीनं मोजून, आणि म्हाताऱ्या माणसांना त्यांच्याविषयी जे आठवतं ते. गावाच्या नावातच पिंपळ आहे, म्हणून सुरुवात पिंपळापासून केली. आतापर्यंत एकोणीस झाडं झाली. पहिलं पान मात्र कोरं ठेवलंय. ते त्या लिंबाचं.