पांजरपोळ आणि धनी

मोकाट जनावरांसाठी आपल्या समाजाने दोन संस्था निर्माण केल्या: एक कोंडवाडा व दुसरी पांजरपोळ. दोहोंतही जनावर आत असते व दाराला कडी असते. तथापि दोहोंचा हेतू अगदी भिन्न आहे. शेजाऱ्याच्या उभ्या पिकात शिरले म्हणून जनावरास कोंडवाड्यात घालतात. त्याच्या धन्याने यावे, दंड व वैरणीचा खर्च भरावा आणि आपले जनावर घरी न्यावे, असा त्याचा शिरस्ता. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या कायद्याने त्यास निश्चित रूप दिले. पांजरपोळात जे जनावर येते, त्यास न्यावयास कोणीच यावयाचे नसते. ज्याचा धनी हरपला, मेला किंवा ज्यास धन्यानेच टाकले, त्याचे ते शेवटचे घर.

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई हे गाव आहे. अशा गावातील मनुष्यास कोंडवाडा सांगावा लागत नाही. पांजरपोळ मात्र त्याला शहराची वस्तू वाटते. ते स्वाभाविकच आहे. जेथे प्रत्येक बैल कोणाचा हे साऱ्या गावाला ठाऊक असते, तेथे बेवारशी जनावर हा प्रश्न उशिरा उपजतो. शहरात तो आधी उपजला, आणि त्याचा इतिहास मुंबईत पाहावयास मिळतो.

पशूंस आश्रय देण्याची कल्पना अर्थातच त्याहून जुनी आहे. मनुष्यांप्रमाणे पशूंच्याही चिकित्सेची सोय केल्याचे अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात नमूद केले आहे. सोळाव्या शतकात खंबायतेस आलेला इंग्रज प्रवासी राल्फ फिच याने तेथे कुत्री, मांजरे व पक्षी यांची इस्पितळे असल्याचे लिहून ठेवले. आमच्याकडे ही दया संतचरित्रांतून घरोघर पोहोचली. रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी रिती करणारे पैठणचे नाथ कोणास ठाऊक नाहीत? परंतु कथेतील दया एका प्रसंगापुरती असते. नित्य वैरण घालावयाची तर संस्था लागते.

अशी संस्था मुंबईत स्थापन होण्यास एक दंगा निमित्त झाला. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याची मुभा देणारा नियम तेथे १८१३ पासून होता. १८३२ साली मारण्याची मुदत वाढविण्यात आली. दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते, आणि बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरची पाळलेली कुत्रीही ओढून नेतात अशी ओरड होऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्यास मोठा मान. मृतदेहावर त्याची दृष्टी पडणे हा त्यांच्या अंत्यविधीचाच एक भाग आहे. ६ जून रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, कोटात जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, हिंदू, जैन व मुसलमानही त्यात सामील झाले, आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडविण्यात आली. शेवटी लष्कर बोलवावे लागले. पुढाऱ्यांवर खटले होऊन काहींस शिक्षाही झाल्या.

दंगा शमला, परंतु त्याने उभा केलेला प्रश्न शमला नाही. कुत्री मारू नयेत हे खरे. मग त्यांना ठेवावे कोठे? या प्रश्नास शेठ मोतीचंद अमीचंद व जमशेटजी जिजीभाई यांनी १८३४ साली उत्तर दिले. एक जैन, दुसरा पारशी. दोघेही व्यापारात मुरलेले. भुलेश्वरानजीक त्यांनी पांजरपोळ उभारली. लंडन येथे पशूंवरील क्रौर्य निवारण्यासाठी सभा १८२४ मध्ये निघाली होती खरी, पण त्या शहरातील टाकलेल्या कुत्र्यांचा सुप्रसिद्ध आश्रम १८६० चा. म्हणजे या बाबतीत मुंबई सव्वीस वर्षे पुढे होती. व्यापाऱ्यांनी खर्चासाठी आपल्या मालावर स्वखुशीने लागा बसवून घेतला. दया मनाच्या लहरीवर न ठेवता तिला रोजकीर्दीत स्थान दिले, हे या शेठजींचे खरे शहाणपण होय. पुढे गुरांच्या चराईवर कर बसल्याने गरीब गवळ्यांचे हाल होऊ लागले, तेव्हा जमशेटजींनी ठाकुरद्वाराजवळ चराऊ जमीन विकत घेऊन ती मोकळी केली. चर्नी रोड हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात.

पुढच्या पिढीच्या ध्यानात आले की, नुसता आसरा पुरत नाही. रोगी जनावर निरोग्याशेजारी बांधणे ही दया नव्हे. मुंबईत पशूंवरील क्रौर्य निवारणारी सभा १८७४ मध्ये निघाली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने परळ येथे त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावे पशूंचे रुग्णालय १८८३ मध्ये स्थापन झाले, आणि १८८६ मध्ये पशुवैद्यकाचे विद्यालयही निघाले. दयेला विद्येची जोड मिळाली.

इतके होऊनही बेवारशी जनावरांची संख्या घटली नाही, आणि येथेच या इतिहासाचे मर्म आहे. आश्रयगृहाच्या मागच्या दाराने कितीही उपकार झाले, तरी पुढच्या दाराशी जनावर आणून सोडणारा हात थांबत नाही. किंबहुना दाराशी सोडण्याची सोय झाली की, सोडणाऱ्याचे मन हलके होते. कुत्री मारण्याचा प्रकार मुंबईत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत चालूच होता. मारूनही ती संपली नाहीत. २००१ मध्ये नियम झाले व २०२३ मध्ये नव्याने झाले: कुत्री धरावी, त्यांची नसबंदी करावी, पिसाळीची लस टोचावी व जेथून धरली तेथेच सोडावी. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील मोकाट कुत्री आश्रयगृहात ठेवण्याचा हुकूम दिला. परंतु २२ ऑगस्ट रोजी तो बदलून, पिसाळलेली व अंगावर धावणारी वगळता बाकीची लस टोचून मूळ जागी सोडावी असे ठरविले. १८३२ चा प्रश्न आज नव्या शब्दांत पुन्हा उभा आहे.

आणि धन्याचे काय? पाळलेले जनावर उपासमारीत किंवा वेदनेत पडेल अशा रीतीने टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या अपराधास दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये! आठ आण्यांना कुत्रे मारले जाई. आज पन्नास रुपयांत टाकता येते. कोंडवाड्यात धन्यास बोलावून त्याची जबाबदारी वसूल करीत. शहरी दयेने जनावर सांभाळले, पण धन्यास विचारले नाही.

आता तोच प्रश्न गावीही येत आहे. नांगर यंत्राने ओढला जाऊ लागला की म्हाताऱ्या बैलाची जागा गोठ्यातून जाते. अशा वेळी जवळच्या पांजरपोळीस वैरण धाडावी, पैसा द्यावा, तिचा हिशेबही मागावा. ते आपले कर्तव्यच आहे. परंतु घरातील कुत्र्यास वेळेवर लस टोचणे, नको असलेली पिले जन्मू न देणे आणि पाळलेल्या जनावराचे म्हातारपण आपलेच मानणे, हे काम कोणत्याही शेठजींच्या देणगीने होत नाही. पोळ्याला ज्याच्या पाठीवर झूल घालतो, त्यास पुढेही आपला म्हणणे ही भूतदयेची पहिली पायरी आहे. ती ज्या घरी चढली जाईल, त्या घरचे जनावर पांजरपोळीच्या दाराशी येणार नाही.